फोटोखालची एक ओळ

मे महिना सरत आला की अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. काजवे बघायला. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर पावसाच्या तोंडाशी काही आठवडे ते गर्दी करतात आणि त्यांच्यामागोमाग मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मोबाइलवरचा एक फोटो समोरच्या झाडाला लावून बघितला आणि बायकोला म्हणाले, "फसवलं गं आपल्याला. यातलं काहीच नाहीये इथं."

फोटोत काय असणार ते मी न बघताही सांगितलं असतं. निळसर आकाश, काळ्या फांद्या, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळेहिरवे ठिपके, सगळे एकदम पेटलेले. तसले फोटो मीही काढले आहेत. ते कसे होतात हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. दिवेलागणीला कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा, हातानं फोकस करून लेन्सवर चिकटपट्टी मारायची म्हणजे ती हलणार नाही, आणि थोडा उजेड असेतो झाडाचा एक फोटो घेऊन ठेवायचा. मिट्ट काळोख पडला की कॅमेऱ्याला धक्का न लावता तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर घेत बसायचं. तासाभरात १२० फ्रेम होतात. घरी येऊन त्या फोटोशॉपमध्ये एकावर एक रचायच्या आणि प्रत्येक जागी सगळ्या थरांतला जो सर्वांत उजळ बिंदू असेल तेवढाच ठेवायला सांगायचं. झालं झाड तयार.

त्यातला एकही ठिपका खोटा नसतो. त्या त्या जागी त्या रात्री खरोखर एक काजवा चमकून गेलेला असतो. फक्त ते सगळे एकत्र नव्हते. तासाभराचा ऐवज एका नजरेत ओतलेला असतो, आणि ओतताना एक गोष्ट सांडते. काजव्यांचं झाड ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला माहीत असतं की खरी गंमत ठिपक्यांच्या संख्येत नाहीच. एक फांदी लुकलुकते, शेजारची तिला साथ देते, आणि रात्र चांगली असेल तर बघता बघता अख्खं झाड एका लयीत उजळतं नि विझतं. विझल्यावर पुन्हा उजळेपर्यंतचा तो काळोख, तिथे श्वास अडकतो. सर्वांत उजळ तेवढंच ठेवणाऱ्या हिशेबात नेमका तोच काळोख आधी वगळला जातो.

आमच्या फोटोवाल्यांच्या बैठकीत मी हा प्रसंग सांगितला आणि अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एकांचं म्हणणं, जे काय करायचं ते कॅमेऱ्यात. शटर पडलं की फोटो संपला, पुढची सगळी रंगरंगोटी. दुसऱ्यांचं म्हणणं, कॅमेरा नुसता बाजार करून आणतो, स्वयंपाक घरी होतो. हा वाद मी तीसेक वर्षं ऐकतोय, त्यातली पहिली दहा-बारा पहिल्या तटात बसून. आता मला वाटतं, फोटो कुठे तयार झाला यावर सगळे भांडतात आणि बघणाऱ्याला तो काय म्हणून दाखवला हे कुणी विचारत नाही. त्या गृहस्थांच्या मोबाइलवर फोटोखाली 'एका तासात काढलेल्या १२० फोटोंची जोडणी' एवढी ओळ असती तर ते चिडले नसते. फोटो तोच राहिला असता, कदाचित जास्तच आवडला असता. नंतर केलेलं काम लपवू नये, आणि काहीच न केल्याची मिजासही करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी मिजाशीचं बघू. फिल्मच्या काळात फोटो निर्मळ असायचे, हा समज ज्यांनी डार्करूम पाहिली नाही त्यांचा. आपण रोल 'धुवायला' टाकायचो, आणि कपड्यांसारखंच तिथेही सगळं धुणाऱ्याच्या हातावर असायचं. तालुक्याच्या गावी ज्या स्टुडिओत मी शाळेच्या सुट्ट्यांत लुडबुड करायचो, तिथले काका लाल दिव्यात, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरच्या झोताखाली दोन्ही हात असे फिरवायचे की वाटावं कुणाची दृष्ट काढतायत. चेहरा काळवंडतोय असं वाटलं की तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती झोतात धरून तेवढा भाग उजळ राखायचा. आकाश पांढरं पडत असेल तर बोटांच्या फटीतून तिथे जास्त वेळ प्रकाश देऊन ते करडं करायचं. डॉज आणि बर्न. लाइटरूम, फोटोशॉपमध्ये आजही ह्याच नावांनी ही कामं होतात.

शिवाय काकांचं एक तिरकं काचेचं डेस्क होतं, खालून उजेड येणारं. त्यावर निगेटिव्ह ठेवून अणकुचीदार शिसपेन्सिलीनं ते चेहरे दुरुस्त करायचे. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या डेस्कवर नाहीशी होत. स्थळासाठी पाठवायच्या फोटोला याचे वेगळे पैसे पडत आणि ते देताना कुणी का-कू करत नसे. त्याच्याही आधीच्या पिढीतल्या माझ्या पणजीच्या फोटोत नथीवर हातानं रंग भरलेला आहे. मोती पांढरे, खडा लाल. तिच्याकडे नथ होती की नव्हती यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

आपल्या भाषेला हे आधीच कळलेलं असावं. चित्र 'काढतात' तसाच फोटोही 'काढतात'. गाईची धार काढावी, विहिरीतून पाणी काढावं, तसं आत असलेलं काही खटपट करून बाहेर आणायचं हे क्रियापद. शटर दाबणं हा त्या खटपटीचा एक भाग झाला.

या बाबतीत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या एका फोटोचा दाखला दोन्ही तट देतात, आणि दोघंही अर्धाच देतात. १९४१ च्या शरदात हा अमेरिकन फोटोग्राफर न्यू मेक्सिकोतून संध्याकाळचा गाडीनं परतत होता. हर्नांडेझ या छोट्या वस्तीपाशी त्याला दिसलं ते असं: दूर बर्फाचे डोंगर, त्यावर ढगांचा पट्टा, वर चढत असलेला चंद्र, आणि खाली दफनभूमीतल्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. त्यानं गाडी थांबवली, आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा उभा केला आणि प्रकाशमापक शोधू लागला. सापडेना. ऊन तर सरकत होतं. तेवढ्यात त्याला आठवलं की चंद्राची दीप्ती किती हे आपल्याला पाठ आहे: चौरस फुटाला २५० कँडल. त्या आकड्यावरून मनातल्या मनात गणित करून त्यानं एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसरा फोटो घ्यायची तयारी होईतो क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं. (तारखा लिहून ठेवण्याच्या बाबतीत गडी ढिसाळच. पुढे खगोल अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर ही तारीख काढून दिली.)

कॅमेऱ्यातल्या कसबाचा याहून मोठा पुरावा मिळणं कठीण, म्हणून पहिला तट गोष्ट इथेच थांबवतो. पण निगेटिव्हचा खालचा भाग फार पातळ आला होता, प्रिंट करायला महाकठीण. १९४८ मध्ये अ‍ॅडम्सनं रसायन वापरून तो भाग गडद केला, म्हणजे सात वर्षांनी मूळ निगेटिव्हलाच हात घातला. सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात. नंतरच्या प्रिंटांत ते आकाश जवळजवळ काळं आहे आणि चंद्र एकटा. आज जगाला माहीत आहे ते हे नंतरचं आकाश. त्यानं या एका निगेटिव्हच्या हजारावर प्रिंट काढल्या. तो पियानो शिकलेला माणूस होता. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे तिचं वादन, अशी उपमा द्यायचा. आपल्याला ती समजायला अवघड जाऊ नये. बंदिश तीच असते, म्हणून मालकंस दर मैफलीत तोच ऐकू येतो का?

मला त्या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. चंद्राची दीप्ती पाठ नसती तर पुढची सगळी वर्षं डार्करूममध्ये करायला काही उरलंच नसतं. दुसऱ्या तटाशी माझं भांडण आहे ते इथे. 'नंतर बघू' या दोन शब्दांनी फोटोग्राफीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या सॉफ्टवेअरनं केलं नसेल.

वारीतलं रिंगण घ्या. सदाशिवनगरचं गोल रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे की तिथे सगळा खेळ काही मिनिटांचा. पताका घेतलेले वारकरी, तुळशी घेतलेल्या बाया, पखवाज, आणि मधल्या वाटेनं माउलींचा अश्व असा सुटतो की पापणी लवायची फुरसत नाही. घोड्यानंतर लगेच माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, तोही एक क्षण. कुठे उभं राहायचं हे तासभर आधी ठरवावं लागतं, कारण एकदा गर्दी बसली की मुंगीलाही सरकायला जागा राहत नाही. ऊन कुठून येईल, घोडा वळणावर मान कुठे टाकेल, त्याच्या मागे पताका येतील की न्यूज चॅनेलची गाडी, हे सगळं त्या जागेवर अवलंबून. यातलं काहीही नंतर संगणकावर आणता येत नाही, म्हणजे खरं राखून तरी आणता येत नाही.

आणि पांढरं! वारीत सगळं पांढरं असतं. धोतरं, सदरे, टोप्या, आणि आषाढातलं ढगाळ आकाश. एक्स्पोजर जरा जास्त झालं की टोपीची घडी, सदऱ्याची चुणी, सगळं जळून कोरा कागद होतो. सावलीत दडलेलं रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं ठेवलेल्या कच्च्या नोंदीतून, बऱ्यापैकी वर काढता येतं. पूर्ण जळालेल्या पांढऱ्यात काढायला काही नसतंच. आम्ही ट्रान्स्परन्सी फिल्मवर, म्हणजे स्लाइडच्या फिल्मवर शिकलो, तिथे एक्स्पोजरमधली अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा सुटायची नाही आणि रोलमध्ये फोटो ३६. पुढे शटर दाबून धरलं की सेकंदाला वीस फ्रेम देणारे कॅमेरे आले. रिंगणावरून लोक तीन-तीन हजार फाइली घेऊन घरी जातात आणि मग त्यांतून फोटो शोधत बसतात. सापडतोही कधीकधी. पण घोड्याकडे बघायचं राहून गेलेलं असतं, आणि ते पुढच्या वर्षीही राहतं. फोटो सुधारायला संगणक मदत करतो. नजर सुधारायला तो काडीची मदत करत नाही, उलट चुका झाकून तिला आळशी ठेवतो.

एवढं बोलल्यावर पहिल्या तटातले मित्र खूश होतात, म्हणून त्यांनाही विचारतो: 'काहीच न केलेला' फोटो आज असतो तरी कुठे? नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजानं भरले जातात. म्हणजे ज्या जेपेगखाली आपण अभिमानानं 'नो एडिट' लिहितो, त्यातली दोन-तृतीयांश रंगमाहिती गणितानं भरलेली असते. शिवाय पांढऱ्याचा तोल, कॉन्ट्रास्ट, धार हे सगळं कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी ठरवून दिलेलं. 'नो एडिट' याचा खरा अर्थ, एडिटिंग दुसऱ्या कुणीतरी केलंय आणि आपण ते बघितलेलं नाही.

मोबाइलनं तर कळस केला. त्याचं बटण एकदा दाबलं की आत अनेक फ्रेम घेऊन जोडल्या जातात, आकाश वेगळं, चेहरा वेगळा. १८५६-५७ च्या सुमाराला फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे हा फोटोग्राफर समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी जोडून प्रिंट काढत असे, कारण तेव्हाच्या रसायनात दोन्ही एकदम साधत नसे. तेच काम आता खिशात होतं, फरक इतकाच की ल ग्रेला आपण काय करतोय ते माहीत होतं. सप्टेंबर २०२० मध्ये वणव्यांच्या धुरानं सॅन फ्रान्सिस्कोवरचं आकाश भरदिवसा भगवं झालं. लोकांनी फोन काढले, तर फोटोत आकाश करडं! इतकं भगवं आकाश असूच शकत नाही असं फोननं ठरवलं आणि रंग 'दुरुस्त' केला. त्या दिवशी खरा फोटो हवा असलेल्यांना रंगाचा तोल हातानं बदलावा लागला. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि खोलीत अंधार करून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले बारकावे फोटोतल्या चंद्रावर उमटले. अ‍ॅडम्सला चंद्राची दीप्ती पाठ होती; या फोनला चंद्रच पाठ आहे.

तेव्हा शटरच्या अलीकडचं खरं आणि पलीकडचं खोटं, ही सीमारेषा टिकत नाही. ती उलट्या बाजूनंही मोडते. वन्यजीव फोटोग्राफीतल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या, २००९ चं पहिलं बक्षीस एका स्पॅनिश फोटोग्राफरच्या फोटोला मिळालं: रात्री कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणारा लांडगा. काही महिन्यांत परीक्षकांनी ते काढून घेतलं, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, भाड्यानं मिळणारा आहे असं त्यांचं मत झालं. फोटोग्राफरनं ते मान्य केलं नाही. २०१७ मध्ये त्याच स्पर्धेच्या एका गटात ब्राझीलमधला एक फोटो जिंकला आणि तो माझ्या काजव्यांचा सख्खा चुलतभाऊ निघावा इतका जवळचा. रात्रीचं वारूळ, त्यावर चमकणाऱ्या किड्यांच्या अळ्यांचे हिरवे दिवे, आणि वारुळाकडे तोंड करून निघालेला मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तुलना करून सांगितलं की हा मुंगीखाऊ तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या नमुन्याशी हुबेहूब जुळतो. इथेही फोटोग्राफरनं इन्कार केला, बक्षीस मात्र गेलं. दोन्ही प्रकरणांत आक्षेप संगणकावर काही केल्याचा नव्हताच. भानगड कॅमेऱ्याच्या पुढ्यात होती.

आपल्याकडे पेंढा भरायची गरज पडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी आला की मोबाइलवर त्याचीच शीळ लावून त्याला झुडपातून बाहेर खेचणारे महाभाग मी पाहिलेत. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा पुन्हा पुन्हा समोर येतो, विणीच्या दिवसांत, आणि दहा जणांचे कॅमेरे खडखडतात. घरट्यापुढच्या फांद्या तोडून 'क्लीन बॅकग्राउंड' करणारेही आहेत. त्या फोटोंखाली 'सिंगल शॉट, नो क्रॉप' असं लिहिलेलं वाचलं की हसावं की रडावं कळत नाही.

म्हणून मी अलीकडे एक उपाय करतो. फोटो दाखवण्याआधी तो कसा झाला ते एका ओळीत त्याच्याखाली लिहून बघतो. 'आकाश डार्करूममध्ये गडद केलं आहे' असं लिहिल्यानं अ‍ॅडम्सच्या फोटोचं काय बिघडलं? काही नाही. '१२० फ्रेम, एक तास' लिहिल्यानं काजव्यांचं काही बिघडत नाही. पण 'मुंगीखाऊ पेंढ्याचा आहे' असं लिहा आणि तो फोटो कोसळतो. 'नवरंगला ध्वनिफीत लावून बोलावला' असं लिहायला हात धजत नाही, यातच काय ते आलं. ओळ लिहिल्यावर जो फोटो उभा राहत नाही, तो मुळात त्या न लिहिलेल्या ओळीवरच उभा होता.

बातमीच्या फोटोला हीच कसोटी फार कडक लागते आणि लागावीच. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं नार्सिसो काँत्रेरास या फोटोग्राफरशी संबंध तोडले. सीरियातल्या बंडखोर सैनिकाच्या एका फोटोत कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यानं पुसून टाकला होता. आदल्याच वर्षी पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर मिळवणाऱ्या चमूत हा माणूस होता. बातमीच्या दृष्टीनं त्या व्हिडिओ कॅमेऱ्याला काडीचं महत्त्व नव्हतं. तरी मला ती शिक्षा पटते. बातमीचा फोटो बघणारा 'इथे हे असं होतं' या एका विश्वासावर बघतो, आणि एकदा पुसणाऱ्यानं पुढे काय पुसलं असेल याचा हिशेब कुणी लावायचा? 'अफगाण मुलगी'च्या फोटोनं गाजलेला स्टीव्ह मॅकरी २०१६ मध्ये अडचणीत आला तो असाच. इटलीतल्या प्रदर्शनात त्याच्या क्यूबाच्या एका फोटोत जोडाजोडीची चूक कुणाच्या तरी लक्षात आली, मग जुने फोटो तपासले गेले आणि कुठे माणसं गायब, कुठे गाड्या. आपण आता दृश्यकथा सांगणारे आहोत, असं तो म्हणाला. असेना! कथा सांगायला कुणाची ना नाही. पण अनेक वर्षं लोकांनी ते फोटो बातमीदाराचे म्हणून बघितले होते, आणि ही ओळ त्याखाली आली नव्हती.

मला स्वतःला जास्त चीड येते ती मात्र युद्धाच्या नव्हे, लग्नाच्या फोटोंची. नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाचा करिझ्मा अल्बम घरी आला. मुलगी सावळी, तरतरीत. अल्बमभर ती दुधात बुडवून काढल्यासारखी. हळदीच्या पानावर तर कहरच. त्वचा इतकी उजळवलेली की हळदच दिसेना, लिंबाच्या सरबतासारखा फिका पिवळा ओघळ तेवढा गालावर. मेंदीचे हात मात्र विसरलेले, त्यामुळे चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. फोटोग्राफरला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "काका, न सांगता करावं लागतं. नाही केलं तर अल्बम परत येतो." तो खोटं बोलत नव्हता. स्थळाच्या फोटोला जादा पैसे देणारे आपणच होतो. काकांच्या पेन्सिलीपासून इथपर्यंतचा रस्ता सरळ आहे आणि त्यावर फोटोशॉपच्या आधीपासून आपली पावलं आहेत. पण ओळ लिहून बघा: 'वधूचा रंग उजळवला आहे.' अल्बमच्या पहिल्या पानावर हे छापायला कुठलं घर तयार होईल? मग ते करायला तरी कसं तयार होतं?

माझ्या या ओळीच्या आग्रहावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, चित्रकाराला कुणी विचारतं का, की समोर झाड असताना तू ते का गाळलंस? नाही विचारत, कारण चित्राकडून ती अपेक्षाच नसते. फोटोला मात्र न मागता विश्वास मिळतो, समोर काहीतरी होतं म्हणूनच हे उमटलं या समजुतीचा. तो विश्वास वापरून घ्यायचा आणि हिशेब मागितला की 'मी कलाकार आहे' म्हणायचं, हे जमायचं नाही. ज्याला पूर्ण मोकळीक हवी त्यानं खुशाल दहा फोटोंचा एक करावा, आकाशात दोन चंद्र टांगावेत आणि खाली तसं लिहावं. मी पहिला जाऊन बघेन.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. ओळ टिकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तिसऱ्या गटात पोचेपर्यंत फोटोग्राफरचं नावसुद्धा गळतं, मग ओळ कसली राहणार? फोटोच्या फाइलमध्येच त्याचा इतिहास नोंदवून ठेवणारी तंत्रं निघाली आहेत. २०२३ मध्ये लायका या कंपनीनं तसा एक कॅमेराही आणला. पण फाइल पुढे ढकलताना नोंद निघून जाते, आणि स्क्रीनशॉट घेतला की ती कुठलीच. शिवाय २०२४ मध्ये एका फोटोग्राफरनं एका स्पर्धेच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांसाठी असलेल्या गटात रोहित पक्ष्याचा खराखुरा फोटो पाठवला आणि परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं. पक्षी पोट खाजवत होता, त्यामुळे मुंडकं दिसत नव्हतं, इतकंच. नुसतं बघून ओळखता येण्याचे दिवस तज्ज्ञांचेही गेले, ही त्यातली बातमी. म्हणजे बघून कळणार नाही आणि सांगितलेलं टिकणार नाही, असा हा पेच.

तरीही जिथे टिकू शकते तिथे ओळ लिहायला काय हरकत आहे? वर्तमानपत्राच्या पुरवणीत काजव्यांचा फोटो अर्धं पान छापतात, तिथे चार शब्दांना जागा असते. पर्यटनाच्या जाहिरातींत असते. प्रदर्शनात तर फोटोखाली पाटीच असते, फक्त तिच्यावर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि शटरचा वेग लिहिण्यात आपण धन्यता मानतो. काजव्यांच्या बाबतीत तर हा नुसत्या प्रामाणिकपणाचा प्रश्न उरलेला नाही. फोटोतलं झाड शोधत माणसं येतात, ते दिसत नाही म्हणून टॉर्च मारतात, गाड्यांचे दिवे झाडावर रोखतात, आणि त्या उजेडात काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे बुजतात. ते इशारे मीलनासाठी असतात. फोटो बघून आलेली गर्दी फोटोतली गोष्टच पुसायला लागली आहे, आणि त्यात माझ्याही दोन-चार फोटोंचा हात असणार.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा गावातला वाटाड्या मुलगा पाहुण्यांना शेताच्या बांधावरच थांबवत होता. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर तोच झाडभर ठिपक्यांचा फोटो उघडून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "हे बघून घ्या. असं दिसणार नाहीये. हे खूप वेळाचं एकात केलेलं आहे. तुम्हाला लुकलुक दिसंल, पण डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागत्यात. तवर मोबाइल खिशात ठेवा." एका बाईंनी विचारलं की मग सुरू कधी होतं. तो म्हणाला, सुरूच आहे. निम्म्या लोकांनी मोबाइल आत ठेवले. बाकीच्यांचे बराच वेळ चमकत राहिले, आणि बांधाच्या त्या टोकाला, उंबराखाली, तेवढीच बाजू कोरी होती.